क्लचवरचा पाय

क्रांती चौकाच्या सिग्नलला शेअर रिक्षा थांबली. थांबताना रिक्षावाल्यानं डाव्या मुठीतला क्लच आवळला, आणि त्याच क्षणी मागे बसलेल्या सुलेखाचा डावा पाय खालच्या पत्र्यावर दाबला गेला. तिनं दाबला नव्हता. दाबला गेला. सँडलमधली बोटं आखडली, पोटरी ताठ झाली आणि सिग्नल सुटेपर्यंत पाय तसाच पत्रा रेटत राहिला. शेजारी मांडीवर मेथीची पिशवी घेऊन बसलेल्या बाईनं आपली चप्पल बाजूला घेतली आणि म्हणाली, "पोरी, सरकून बस की जरा." सुलेखानं पाय उचलला आणि त्याच्याकडे पाहिलं, घरातून निघताना चुकून दुसऱ्याच कुणाचा घालून आल्यासारखं. हा मेला पाय! काल दुपारपासून ती याच पायाच्या बाजूनं साऱ्या जगाशी भांडत होती, आणि हा भर चौकात, कुणी काही विचारलं नसताना, उलटी साक्ष देऊन मोकळा झाला होता. रिक्षा पैठण रोडकडे वळली तरी ती त्याच्याकडेच बघत होती.

कालची गोष्ट म्हटली तर एवढीशी. त्यांच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरापोरींनी मिळून एक रेसची गाडी बनवली होती. नळ्यांचा सांगाडा, एकच सीट आणि सीटच्या पाठीमागे मोटरसायकलचं इंजिन. मोटरसायकलला क्लच हातात असतो, इथे तो डाव्या पायाखाली आणलेला. पेडलपासून निघालेली क्लच वायर ड्रायव्हरच्या डाव्या कमरेजवळून मागे इंजिनापर्यंत जायची. या वायरीत थोडी ढील ठेवावी लागते. ढील संपली, वायर जराशी जरी ताणलेली राहिली, की इंजिनातल्या क्लच प्लेटा एकमेकींना पुरत्या धरत नाहीत. इंजिन बोंबलतं, गाडी पुढे जायला मागत नाही, आणि प्लेटा घासून घासून जळतात. आणि ही ढील खाणारा सगळ्यात सोपा गुन्हेगार म्हणजे ड्रायव्हरचा पाय, गरज नसताना पेडलवर विसावलेला. प्लेटा याआधी दोनदा जळल्या होत्या, काल तिसऱ्यांदा जळल्या, आणि तिन्ही वेळा सीटवर सुलेखा होती. टीमचा दुसरा ड्रायव्हर सार्थक चालवायचा तेव्हा काही होत नव्हतं. याच्याहून सरळ हिशेब आणखी कोणता असणार!

काल गाडी थांबली तेव्हा जळक्या तेलाचा वास हेल्मेटच्या आत शिरला होता. टीमचा कॅप्टन अभय धावत आला. त्याचे डोळे लाल, कपाळाला ग्रीस. महिनाभर धड झोपला नव्हता बिचारा. ही गाडी म्हणजे त्याचा जीव की प्राण. तो ओरडला नाही, हेच वाईट झालं. ओरडला असता तर ओरडून उत्तर देता आलं असतं. तो शांतपणे म्हणाला, "सुलेखा, यार, पाय काढत जा ना क्लचवरून." ती म्हणाली, "पाय नव्हता." तो म्हणाला, "तुला वाटलं असेल, नव्हता म्हणून." झालं. त्या 'वाटलं'नं सगळा घोटाळा केला. म्हणजे तिच्या पायाचं तिला नुसतं वाटतं, आणि खरं काय ते बाहेर उभ्या असलेल्यांना ठाऊक. अभयनं गाडी स्टँडवर चढवली, वायरीची ढील मोजली. बरोबर होती, नेहमीसारखी. "सेटिंग ओके आहे," तो म्हणाला, आणि सगळ्यांनी सुलेखाकडे पाहिलं. गाडीच्या चाकांचा वेग, इंजिनाचे फेरे, सगळं कॉम्प्युटरवर उमटत होतं. क्लचच्या पेडलवर तेवढा सेन्सर नव्हता. तिथे फक्त ती होती.

संध्याकाळी टीमच्या सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. सर भले माणूस. चहा मागवला, खुर्चीवर बसवलं. "हे बघ सुलेखा, यात कमीपणा काही नाही. पाय राहतो, ड्रायव्हरला कळतसुद्धा नाही. उद्या सकाळी टीमसमोर एवढंच म्हण, की माझ्या सवयीमुळे झालं, मी सुधारेन. सार्थकला पहिला ड्रायव्हर करू, तू दुसरी. स्पर्धेत तुझी पाळी येईलच." तिनं विचारलं, "आणि नाही म्हटलं तर?" सरांनी कप खाली ठेवला. "जो आपली चूक मानत नाही, त्याला गाडीत बसवायची जबाबदारी मी कशी घेऊ? तूच सांग." आवाज इतका मऊ होता की क्षणभर तिलाच त्यांची दया आली. दोन वर्षं या सीटसाठी तिनं जिवाचं रान केलं होतं. नळ्या कापल्या होत्या, फायबरची खाज सोसली होती, मुली गाड्या चालवतात का यावरचे पोरांचे विनोद ऐकून घेतले होते आणि त्यांच्यापेक्षा वाईट विनोद परत केले होते. आता ती सीट एका वाक्यावर आली होती. वाक्य म्हटलं तर खोटं, आणि म्हटलं तर कुणास ठाऊक.

घरी पप्पा जेवायला बसले होते. रामकिसनरावांची दिवसपाळी संपली की वाळूजहून कंपनीची बस त्यांना मुकुंदवाडीच्या नाक्यावर सोडते. आंघोळ करून, पायजमा घालून ते ताटावर बसतात आणि दिवसातलं पहिलं खरं वाक्य तिथे बोलतात. तिनं सगळं सांगितलं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडून हातातच ठेवला. "हो म्हण बाई," ते म्हणाले. "हो म्हणलं की मिटतं. आमच्या लाइनीवर पार्ट रिजेक्ट झाला की सुपरवायझर इचारतो, कुणाच्या हातून झालं? मी म्हणतो, माझ्याच हातून झालं आसंल साहेब. मिटलं. दुसरा पार्ट लावायचा." तिनं विचारलं, "आणि तुमच्या हातून झालं नसलं तर?" "झालं नसलं तरी. काय फरक पडतो? पगार तेवढाच ऱ्हातो." मग तिचा चेहरा बघून ते जरा हसले. "अगं, आपल्याला कळत नाय. गाडी चालवताना माझा बी पाय ब्रेकवर ऱ्हातो. मागचा दिवा लागलेलाच आसतो म्हणं. तुझी आई वरडती, तवा मला कळतं." आई मोरीतून म्हणाली, "व्हय, लई वरडती मी!" आणि सगळे हसले. सुलेखाही हसली. आपलं म्हणणारं माणूसच जेव्हा प्रेमानं आपल्यावर अविश्वास दाखवतं तेव्हा भांडावं कुणाशी, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती ताटावरून उठली आणि भांडी घासायला बसली, आणि घासताना जरा जास्तच आवाज केला.

रात्री पडल्या पडल्या तिनं दुपारचा तो क्षण पुन्हा पुन्हा काढून पाहिला. डाव्या पायासाठी क्लचच्या बाजूला तिनं स्वतः एक अॅल्युमिनियमची पट्टी बसवली होती, पाय टेकायला. त्या पट्टीच्या एका रिव्हेटचं डोकं जरा वर आलेलं होतं आणि ते बुटातूनसुद्धा करंगळीखाली टोचायचं. वळणातून बाहेर पडताना ते टोचत होतं का? टोचत होतं. नक्की? होय. मग तिनं तोच क्षण परत काढला, आणि या खेपेला रिव्हेट जरा कमी टोचलं. चौथ्या-पाचव्या खेपेला नुसती टोचल्याची माहिती उरली, टोचणं गेलं. आणि मग, कुणी मागितला नसताना, दुसराच क्षण तयार झाला: पाय पेडलवर, पेडल जरासं खाली, तळव्याखाली त्याचा गुळगुळीत गोलवा. हा दुसरा क्षण पहिल्याइतकाच खरा दिसत होता, किंबहुना थोडा जास्तच, कारण त्याच्या बाजूनं पाच-सहा माणसं होती. असं होतं तर. माणसाकडून खोटं वदवून घ्यायला त्याला मारावं लागत नाही, झोपू दिलं तरी पुरतं.

रिक्षात बसून तिला शाळेतली लांब उडी आठवली. सहावीत होती. धावत आली, चुन्याच्या पट्टीच्या अलीकडे पाय टाकला आणि अशी उडाली की वाळूत पडताना तोंडात वाळू गेली. क्रीडाशिक्षकांनी हात आडवा केला: फाऊल. पट्टीवर पाय पडला. ती म्हणाली, नाही पडला सर. सरांनी ओल्या चुन्यावरचा ठसा दाखवला. ठसा होता. कुणाचा होता ते ठशावर लिहिलेलं नव्हतं, तिच्या आधी तीन मुली उडाल्या होत्या. पण मुली कुजबुजल्या, टाळ्या थांबल्या, आणि ती त्या ठशाकडे बघता बघता मान हलवून बसली. हो सर. त्या दिवसापासून कुणीही विचारलं की ती सांगायची, माझा पाय पट्टीवर पडला होता. सांगून सांगून तिला तो पडलेला आठवायला लागला. आज नऊ वर्षांनी पैठण रोडच्या खड्ड्यांत हिंदकळताना तिला पहिल्यांदाच वाटलं, की तो ठसा उलटा होता. टाच उडीच्या दिशेला होती. परत चालत येणाऱ्या मुलीचा. आणि हे तिनं तेव्हाच पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि तरी हो म्हणाली होती. तिच्या कानशिलांना एकदम गरम झालं. राग सरांचा नव्हता, ते बिचारे केव्हाच निवृत्त झाले; राग त्या मान हलवणाऱ्या पोरीचा होता, जिला दोन वेण्या होत्या आणि जिच्या तोंडात वाळू होती.

आणि मग अर्थातच आजी. पप्पांची आई, कडूबाई, देवगाव रंगारीची. ती गेली तेव्हा सुलेखा नववीत होती, पण तिचा आवाज अजून कानाशी कुरकुरतो. आजी ज्यांच्या शेतात कामाला जायची त्यांच्या खळ्यात एकदा बोभाटा झाला. खळ्यात कुणी पायताण घालून जात नाही, धान्य असतं. आणि मालकाच्या म्हाताऱ्या आईनं सांगितलं, ही चपला घालून खळ्यात आली. "मी म्हणलं, दाखवा की माझ्या चपला," आजी सांगायची. "जल्मात कधी घातल्या नाय. लगीन लागलं तवा बी अनवाणीच हुते मी. कुठून आणू चपला?" मालक म्हणाला, चपला असो नसो, आई म्हणते म्हणजे आलीस, पाया पड आणि तुझा वाटा घेऊन जा. आजीनं वाट्याची ज्वारी तिथेच उपडी केली आणि रिकामी पाटी डोक्यावर घेऊन घरी आली. ती पाटी तिनं मग मुद्दाम दारापुढे ठेवली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावी म्हणून. लहानपणी सुलेखा दर वेळी एकच प्रश्न विचारायची: "मग आजी, खाल्लं काय तुम्ही?" आणि आजी दर वेळी चिडायची. "खाल्लं कायतरी. ते नाय ध्यानात. मी चपला घालून आले नव्हते, ते ध्यानात हाय." पप्पा अशा वेळी उठून बाहेर जायचे. त्या रिकाम्या पाटीमागे ते उपाशी राहिलेले असणार, हे सुलेखाला फार उशिरा सुचलं. म्हणून ते हो म्हणतात. आजी नाही म्हणाली, म्हणून पप्पा हो म्हणतात, आणि आता पाळी आपली. दोघांचंही तिला कळत होतं. पण कळणं वेगळं आणि म्हणणं वेगळं. कांचनवाडीला कॉलेजपाशी रिक्षा थांबली तेव्हा तिचं ठरलं होतं.

वर्कशॉपच्या मागच्या मोकळ्या आवारात गाडी उन्हात उभी होती. अभयनं पहाटेच येऊन नव्या प्लेटा टाकल्या होत्या आणि वायर लावून ढील मोजून ठेवली होती. तिला बघताच त्यानं मोजपट्टी लावून पुन्हा मोजली, सगळ्यांना दिसेल अशी. "तीन मिलिमीटर. परफेक्ट." सर हातात किल्ल्या फिरवत उभे होते. सार्थक हेल्मेट काखेत मारून जमिनीकडे बघत होता. त्याला ओशाळं वाटत होतं, पण हेल्मेट काही त्यानं खाली ठेवलं नव्हतं. तनुजा, जी कॉम्प्युटरवरचे आलेख बघायची आणि टीममधली सुलेखाची एकमेव मैत्रीण होती, तिनं डोळ्यांनीच विचारलं, काय ठरलं? सर म्हणाले, "हं सुलेखा, बोल. मग कामाला लागू." सुलेखानं सँडल काढून बूट चढवले, नाड्या बांधल्या, जरा सावकाशच बांधल्या, आणि म्हणाली, "एक चक्कर मारते सर. मग बोलते."

नाही कुणी म्हणेपर्यंत ती गाडीत उतरलीसुद्धा. उजवा पाय आत घातला, गाडीच्या नाकाड्यात लांब केला, टाच ब्रेकच्या मागे. डावा पाय आत घेतला नाही. गुडघ्यात मुडपून तो तिनं सीटच्या बाजूच्या नळीवरून बाहेर काढला आणि लोंबता सोडला, आणि मग हेल्मेट चढवून स्टिअरिंग बसवलं. बसणं असं झालं की सर्कसमधल्या माकडालाही लाज वाटावी. कुणीतरी हसलं. सर पुढे आले, "हे काय चाललंय?" सुलेखा म्हणाली, "पाय आहे सर. डावा. सगळ्यांना दिसेल असा ठेवलाय." अभय म्हणाला, "वेडी आहेस का? क्लचशिवाय निघणार कशी?" "ढकला. न्यूट्रलमध्ये ढकला, चालत्या गाडीत मी पहिला टाकते." तनुजाच पहिल्यांदा मागे जाऊन हात लावून उभी राहिली, मग सार्थक, हेल्मेट अखेर खाली ठेवून. सुलेखानं बटण दाबून इंजिन सुरू केलं. गाडी लोटली, चाकं फिरली, तिनं गिअरचा दांडा रेटला आणि खाडकन आवाज होऊन गाडीनं पुढे उडी घेतली.

डावा पाय वाऱ्यात होता. हे तिला आयुष्यभर लक्षात राहणार होतं, की पाय नुसता वाऱ्यात असणं ही केवढी चैन आहे. काही दाबायचं नाही, कशावर टेकायचं नाही, नुसतं असायचं. पँटचा काठ फडफडत होता, घोट्याला ऊन लागत होतं. पहिलं वळण आलं, गेलं. गाडी कुरकुर न करता ओढत होती. दुसरं वळण. गाडी ओढतच होती. आवाराच्या टोकाशी लिंबाखाली ती वळली आणि तिला एकदम उमगलं: गाडी चांगली चालली होती. नव्या प्लेटा, बरोबर ढील, आणि पाय बाहेर. आणि गाडी निमूट चालली होती. म्हणजे तेच खरं. म्हणजे पाय होता. शाळेतल्या त्या चुन्याच्या पट्टीवर होता, पेडलवर होता, रिक्षाच्या पत्र्यावर होता, आणि ती जन्मभर पायाचं खोटंच सांगत आली होती. आपली गाडी बिघडावी म्हणून मनातल्या मनात हात जोडणारी ड्रायव्हर जगात ती एकटीच असेल. एक क्षण तिला वाटलं, थांबावं, उतरावं, हो म्हणावं. पप्पा म्हणतात तसं मिटून जाईल. संध्याकाळी जेवायला वांग्याचं भरीत असेल.

मग तिच्या लक्षात आलं की ती सार्थकसारखी चालवतेय. पाय बाहेर म्हणून तोल सांभाळत, अर्धाच अॅक्सिलरेटर देत, सोवळ्यात. ती अशी चालवत नाही. वळणाचा शेवट दिसला की ती उजवा पाय तळाला नेते, पोरं तिला म्हणतात तशी 'पागलसारखी', आणि तिन्ही वेळा प्लेटा तिथेच जळल्या होत्या. सार्थकच्या हाती गाडी बिघडत नव्हती, कारण सार्थक तिला बिघडण्याइतकं काम सांगतच नव्हता! तिसऱ्या वळणावर तिनं मांडीनं नळी घट्ट धरली, गाडी वळवली, आणि बाहेर पडताना उजवा पाय पार तळाला दाबला. इंजिन किंचाळलं. फेऱ्यांचे दिवे हिरवे, पिवळे, लाल झाले, आणि गाडी मात्र होती तेवढ्याच वेगानं, रमतगमत, चालत राहिली. आणि तो वास. जळक्या तेलाचा, ओळखीचा, घाण वास. सुलेखानं हेल्मेटच्या आत तोंड उघडून तो छातीभर ओढून घेतला आणि मोठ्यानं, अगदी गलिच्छ अशी एक शिवी दिली, आनंदाची. डावा पाय तिनं आणखी वर उचलला, पार आडवा, बुटाचा तळ सरांच्या दिशेनं, आणि तशीच घरंगळत येऊन त्यांच्यापुढे थांबली. थांबताना इंजिन आचका देऊन बंद पडलं.

अभय म्हणाला, "आधीच्या वेळी तू गरम केल्यामुळं प्लेटा..." "प्लेटा तू आज पहाटे टाकल्यास," सुलेखा म्हणाली. "नव्या." अभयला गाडी मागे शेडकडे घ्यायची होती. काहीतरी करायला हवं म्हणून त्यानं आणि सार्थकनं पुढून हात लावून ती मागे ढकलली. गाडी गिअरमध्येच होती हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. ती बोटभर मागे गेली आणि अडली. पाठीमागे वाकलेली तनुजा एकदम म्हणाली, "थांबा. परत ढकला." परत ढकलली. "अभय, इकडे ये. हे बघ. इंजिन हलतंय." गेल्या साली कंपनानं सांगाड्याला तडा गेला होता, म्हणून यंदा इंजिन रबराच्या बुशांवर बसवलं होतं; जोर आला की ते नखभर मागे सरकायचं. आणि क्लच वायरीच्या बाहेरच्या नळीचा थांबा, जो आजवर इंजिनावर असायचा, तो यंदा अभयनं सांगाड्याच्या नळीला जोडला होता. इंजिन मागे सरकलं की त्याच्यावरची, वायर अडकवलेली क्लचची दांडी मागे जायची, थांबा जागेवरच, आणि वायर आपोआप ताणली जायची. स्टँडवर जोरच नाही, म्हणून तिथे ढील सदा बरोबर. तनुजानं बोट दाखवलं. परत ढकलताना ती दांडी सगळ्यांदेखत हळूच पुढे ओढली गेली, कुणीतरी पेडल दाबल्यासारखी. पेडलवर कुणी नव्हतं. तो पाय अजून बाहेर लोंबत होता.

अभय आपल्या जोडाकडे बघत उभा राहिला. सुबक जोड होता, त्यानं स्वतः केलेला, त्याचा फोटो त्यानं टीमच्या ग्रुपवर टाकला होता. सर मात्र खुश झाले. "वा! सापडलं ना? हेच महत्त्वाचं. याला म्हणतात टीमवर्क. सुलेखा, घे आता पाय आत." सुलेखानं पाय आत घेतला नाही. "सर, एक राहिलं," ती म्हणाली. "काय?" "माझा पाय नव्हता, हे." सर हसले, "अगं, ते तर दिसलंच की सगळ्यांना." "दिसलं. म्हटलं कुणी नाही." तिचे कान तापले होते, आवाज कापत होता, आणि तो कापतोय हे सगळ्यांना ऐकू जातंय याची तिला आता पर्वा नव्हती. "माझं चुकलं असं मी म्हणावं म्हणून काल मला चहा पाजला सर. बरोबर निघालं तर नुसतं दिसलं म्हणून कसं भागेल?" सरांनी किल्ल्या खिशात टाकल्या. "बरं बाई, नव्हता. झालं समाधान?" असं म्हणून, हट्टी लेकराला खाऊ द्यावा तसं ते वाक्य तिच्या हातावर ठेवून, ते ऑफिसकडे निघून गेले. ते वाक्य घ्यावं की फेकून द्यावं हे तिला कळेना. पण सीटवरून ती उठली नाही. उठायचं तिचं कारण संपलं होतं.

गेल्या वर्षीचा, इंजिनावर बसणारा थांबा सामानाच्या खोक्यात तळाशी सापडला. अभयनं तो बोल्टनं आवळला, वायर त्यातून ओवली आणि इंजिनापाशी जमिनीवर आडवा झाला. आता वायर नव्यानं लावायची, म्हणजे एकानं पेडलवर आणि एकानं दांडीवर. "सुलेखा," तो मागून म्हणाला, इतकंच, आणि तिनं डावा पाय आत घेतला. मधे सीट, सीटमागे पत्रा. त्याला तिचा पाय दिसत नव्हता, तिला त्याचा चेहरा. डाव्या आरशात त्याचा ग्रीसनं माखलेला हात तेवढा दिसत होता. "दाब." तिनं दाबलं. दांडी पुढे आली. "सोड." सोडलं. आता त्याला दांडी आणि थांबा यांच्या मधल्या चिमुकल्या फटीत बोट घालून वायरीचं अर्धवट बसलेलं टोक खाचेत पुरतं सरकवायचं होतं, आणि त्या वेळी कुणी पेडल दाबलं तर बोटाचा चेंदा ठरलेला. "सोडलास?" त्यानं विचारलं.

"सोडला."

आरशातला हात पुढे आला आणि फटीपाशी थांबला. उन्हात पत्रा तडतडत होता. तनुजा पाना हातात धरून उभी होती, तिनं एकदा अभयकडे पाहिलं, एकदा सुलेखाकडे. "नक्की सोडलास ना?" तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात आज पहिल्यांदाच खरी भीती होती. सुलेखाचा पाय तिच्या पट्टीवर होता. करंगळीखाली रिव्हेट टोचत होतं. कालपर्यंतची सुलेखा म्हणाली असती, हो रे, नक्की, हवं तर येऊन बघ. शपथही घेतली असती.

"एकदा सांगितलं, अभय," ती म्हणाली, आणि आरशाकडे बघत राहिली.

हात तसाच थांबला. मग त्यानं बोट आत घातलं.